तेरा वर्षं कुणीही वाट न पाहिलेला सिनेमा

जेम्स कॅमरूनच्या ‘अवतार’ला 2009 नंतरची तेरा वर्षं दोनच कामं होती. एक, जगातल्या सर्वाधिक कमाईच्या चित्रपटांच्या यादीत वर बसून राहणं. आणि दुसरं, आपली कुणालाही आठवण नाही हे ऐकत राहणं. अमेरिकेतल्या समीक्षकांनी त्यासाठी एक तोंडी परीक्षाच काढली होती: नायकाचं नाव सांगा. समोरचा गप्प. नायिकेचं? गप्प. एखादा संवाद? समोरचा चहा पिऊ लागतो. मग समीक्षक विजयी मुद्रेने म्हणायचे, बघा, एवढे अब्जावधी डॉलर कमावले आणि मागे काही म्हणता काही उरलं नाही.

परीक्षेत तथ्य होतं. आपल्याकडे कुणालाही झोपेतून उठवून ‘अशी ही बनवाबनवी’तल्या घरमालकाचं नाव विचारा, विश्वासराव सरपोतदार हे तो कूस न बदलता सांगेल. ‘अवतार’बद्दल विचारलं तर जागा माणूसही “ती निळी माणसं हो” एवढ्यावर येऊन थांबतो. फार ताणलं तर “ते मोठं झाड पाडतात” आणि “वेणी त्या पक्ष्याच्या शेंडीला जोडतात”. झाला सिनेमा. (नायक जेक सली, नायिका नेतिरी. हे मी आत्ता शोधून लिहिलं असं वाटत असेल तर वाटू दे.)

आता गंमत अशी की हा सिनेमा पहिल्यांदा लागला तेव्हा लोकांना त्याचं वेड लागलं होतं. 2010च्या जानेवारीत सीएनएनने बातमी दिली होती की पँडोरा नावाचं ते हिरवं-निळं जग बघून घरी आलेल्या काही प्रेक्षकांना पृथ्वीवर राहणं नकोसं झालंय. उदास वाटतं, कामात लक्ष लागत नाही, बाहेर बघावं तर सगळं करडं. पॉल फ्रॉमर या भाषाशास्त्रज्ञाने त्या निळ्या लोकांसाठी व्याकरणासकट भाषा तयार केली होती, ती माणसं हौसेनं शिकायला बसली. चीनमध्ये हुनान प्रांतातल्या झांगजियाजिए इथल्या एका सुळक्याला तिथल्या लोकांनी चक्क ‘अवतार’मधल्या डोंगराचं नाव देऊन टाकलं. एवढं सगळं झालं आणि मग, लग्न पार पडल्यावर मांडव उतरतो तसं, सगळं उतरलं. भाषा शिकणारे पुन्हा नोकरीला लागले. सुळका आपल्या जागी उभा राहिला, कारण त्याला दुसरीकडे जाण्यासारखं नव्हतं.

दुसरा भाग मात्र येणार होता. तो सतत येणारच होता. आधी सांगितलं 2014च्या डिसेंबरात. मग 2016. मग 2017. मग काही काळ तारखेचं नावच काढेनात. मग 2020, मग 2021, आणि अखेर करोनाची कृपा होऊन 16 डिसेंबर 2022. या काळात कॅमरून साहेब एका छोट्या पाणबुडीत एकटे बसून मारियाना गर्तेच्या तळाशी जाऊन आले. 2012ची गोष्ट. पृथ्वीवरची सगळ्यात खोल जागा बघून माणूस परत आला, पटकथा मात्र अजून वर यायची होती.

मधल्या काळात ‘अवतार’चा पहिला नंबरही गेला. 2019च्या जुलैत ‘ॲव्हेंजर्स: एन्डगेम’ने तो हिसकावला. मार्व्हलवाल्या पोरांनी फटाके फोडायचे बाकी ठेवले. मग 2021च्या मार्चमध्ये ‘अवतार’ चीनमध्ये पुन्हा लावला आणि नंबर परत घेतला. समर्थकांची दोन्हीकडून जुंपली होती, पण तोवर डिस्नेने ‘अवतार’वाली फॉक्स कंपनी विकत घेऊन दोन वर्षं होत आली होती. म्हणजे ‘एन्डगेम’ही डिस्नेचा आणि ‘अवतार’ही डिस्नेचाच. खिसे दोन, विजार एक. त्यातली नाणी या खिशातून त्या खिशात गेल्याचा ज्यांना मनापासून आनंद किंवा दुःख झालं, त्यांच्या खिशातून मात्र तिकिटाचे पैसे गेले होते.

‘अवतार’ लोकांच्या मनातून पुसला गेला, या म्हणण्याला या काळात एकच भक्कम अपवाद सापडतो, आणि तोही काल्पनिक आहे. 2017च्या सप्टेंबरअखेरीस अमेरिकेतल्या ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या कार्यक्रमात रायन गॉसलिंगने एक प्रहसन केलं. त्यातल्या माणसाची झोप उडालेली आहे, कारण एवढ्या खर्चाच्या सिनेमाचं शीर्षक करताना कुणीतरी कॉम्प्युटरवरच्या यादीतून ‘पपायरस’ हा फाँट निवडला आणि तसाच ठेवून दिला. आपल्याकडे वास्तुशांतीची पत्रिका डीटीपीवाल्याकडे जशी ठरते, तशी. वर्षं लोटली तरी त्या माणसाच्या मनातून ते जात नाही. अंधारात गाडीत बसून तो त्या अक्षरांचा विचार करतो आहे.

हे प्रहसन करणारा गॉसलिंग त्या आठवड्यात तिथे कशासाठी आला होता, हे अधिक महत्त्वाचं. सहाच दिवसांनी त्याचा स्वतःचा सिनेमा लागणार होता, ‘ब्लेड रनर 2049’. आणि लांबलेल्या सिक्वेलांमध्ये ‘अवतार’च्या अगदी विरुद्ध टोकाला कुणाला बसवायचं झालं तर तो मान याच सिनेमाचा.

मूळ ‘ब्लेड रनर’ 1982च्या जूनचा. ‘ई.टी.’ लागून दोन आठवडे झाले होते. सगळी अमेरिका त्या गोड परग्रहवासी बाळासाठी रुमाल भिजवत होती. पावसात भिजणारा, अंधारा, कोण माणूस आणि कोण यंत्र असे प्रश्न पाडणारा सिनेमा बघायला कोण जाणार? आपटला. पण मग व्हिडिओ कॅसेटवर तो ज्यांनी पाहिला ते कामातून गेले. त्यांनी त्यावर लेख लिहिले, प्रबंध लिहिले, त्याच्या वेगवेगळ्या आवृत्त्या निघाल्या, त्यातली खरी कोणती यावर मैत्र्या तुटल्या. पस्तीस वर्षं हे लोक दुसऱ्या भागाची वाट बघत होते. ‘अवतार’बद्दल कुणाला काही आठवत नव्हतं, इथे नायक स्वतःच यंत्र आहे की नाही याची साक्ष द्यायला माणसं एका पायावर तयार होती.

डेनी व्हिलनव्हने सिनेमा देखणा केला. समीक्षकांनी तो डोक्यावर घेतला. आणि अमेरिकेत पहिल्या तीन दिवसांत गल्ला जमला सव्वातीन कोटी डॉलर. खर्च होता पंधरा कोटींच्या वर. जगभरातून एकूण सव्वीस कोटींच्या आसपास आले, जे तुम्हा-आम्हाला पुष्कळ वाटतील, पण थिएटरवाल्यांचा वाटा आणि जाहिरातींचा खर्च वजा जाता निर्मात्याच्या हाती धुपाटणं. पहिल्या आठवड्याच्या प्रेक्षकांची पाहणी झाली तेव्हा त्यात पुरुषच फार निघाले, आणि तेही पंचविशी ओलांडलेले. म्हणजे पस्तीस वर्षं वाट पाहणारे सगळेच्या सगळे आले होते. एकेकटे आले होते. बायकोला “तुला कळायचं नाही” असं सांगून आले होते, आणि बायकोनेही “बरं” म्हणून सुटका करून घेतली होती. मूळ सिनेमाचे दिग्दर्शक रिडली स्कॉट या भागाचे कार्यकारी निर्माते होते. त्यांनीही नंतर सांगून टाकलं की फार लांबला, मी असतो तर अर्धा तास कापला असता. घरचाच माणूस असं बोलल्यावर शेजाऱ्यांना काय तोंड दाखवायचं! छायाचित्रणकार रॉजर डिकिन्सना मात्र चौदाव्या नामांकनात पहिलं ऑस्कर मिळालं, ती एक गोष्ट नीट झाली.

मला या दोन सिनेमांकडे बघून एवढंच कळतं की सिनेमाबद्दल बोलणारा माणूस आणि सिनेमाचं तिकीट काढणारा माणूस हे एकमेकांना फारसे ओळखत नाहीत. आणि तिकीट काढणाऱ्यातही एक तिकीट काढणारा आणि पाच तिकिटं काढणारा यांत फरक असतो. तिकीटबारीवर राज्य करतो तो पाच तिकिटांचा माणूस.

हा माणूस ‘अवतार: द वे ऑफ वॉटर’ लागला तेव्हा पहिल्या दिवशी गेला नाही. तो पहिल्या दिवशी कधीच जात नाही. त्यामुळे अमेरिकेत पहिल्या तीन दिवसांत तेरा कोटी चाळीस लाख डॉलर जमले तेव्हा सोमवारी जाणकारांनी चेहरे पाडले. अंदाज सतरा कोटींपर्यंतचे होते. तेरा कोटी डॉलरला निराशाजनक म्हणताना लिहिणाऱ्याचा हात कसा अडखळत नाही, हे बघण्यासारखं असतं. लेखाचं मानधन आलं की नाही हे बघायला हाच माणूस दिवसातून चारदा बँकेचं ॲप उघडतो. चीनमधून मोठी आशा होती, पण तिथे नेमके त्याच महिन्यात करोनाचे निर्बंध उठले आणि अर्धा देश तापाने अंथरुणाला खिळला. जपानमध्ये बास्केटबॉलवरच्या ‘द फर्स्ट स्लॅम डंक’ या ॲनिमेशनपटाने याला पुढे जाऊ दिलं नाही. शिवाय कॅमरूननी काही दृश्यं सेकंदाला 48 फ्रेमच्या वेगाने दाखवायची ठरवली होती, ती तिथल्या काही थिएटरांच्या प्रोजेक्टरना पेलेनात. कॅमरूननी स्वतःच आधी मुलाखतीत म्हणून ठेवलं होतं की एवढा खर्च झालाय, नुसतं बरोबरीत यायचं तरी इतिहासातल्या पहिल्या तीन-चार कमाईच्या सिनेमांत बसावं लागेल. अशी वाक्यं आपल्याकडे सावकाराच्या दारात ऐकू येतात.

मग नाताळची सुट्टी लागली आणि पाच तिकिटांचा माणूस उठला.

तो आपल्याकडेही उठला. त्याला मी जवळून पाहिलंय. दोन मुलं, बायको, सुट्टीला आलेली आत्या. हिंदीतला थ्रीडी खेळ, कारण सिनेमा इंग्रजीखेरीज हिंदी, तमिळ, तेलुगू, कन्नड आणि मल्याळमध्ये आला होता. मराठीत आला नव्हता, आणि आला नाही म्हणून कुणी हाकही मारली नव्हती. दारात गडी प्रत्येकाच्या हातात काळा चष्मा देतो. ज्यांना मुळात चष्मा आहे त्यांची तिथूनच कसरत सुरू होते. थ्रीडीचा चष्मा घरच्या चष्म्यावर चढवला की तो नाकावर बसत नाही आणि घरचा काढला की थ्रीडी सोडा, टूडीही दिसत नाही. लहान कार्टीच्या नाकाला तो इतका मोठा की तिने तीन तास मान वर करूनच काढले. आत्याबाईंनी मध्येच चष्मा काढून पाहिला आणि आजूबाजूच्या दोन रांगांना ऐकू जाईल असं जाहीर केलं, “बिन चष्म्याचंही दिसतंय की गं. जरा हललेलं दिसतं एवढंच.”

तीन तास बारा मिनिटांच्या लांबीवरून तिकडे गहजब झाला होता. मध्यंतर नाही, मग नैसर्गिक हाकेचं काय? कॅमरून वैतागून म्हणाले होते की घरी आठ-आठ तास मालिका बघता, मग इथे उठून जाऊन या, त्यात काय एवढं. आपल्याकडे हा प्रश्नच उद्भवला नाही. ‘संगम’ आणि ‘मेरा नाम जोकर’ दोन-दोन मध्यंतरांसकट पचवलेली ही जनता. तीन तास म्हणजे पैसे वसूल, आणि मध्यंतर दिग्दर्शकाने ठेवलं नसलं तरी थिएटरवाला ठेवतोच, कारण समोसा दिग्दर्शकाला विकायचा नसतो. कुणीतरी पाण्यात बुडी मारावी आणि तो वर यायच्या आत दिवे लागावेत, असा तो ठेवतो. वीस मिनिटांनी सिनेमा पुढे सुरू होतो तेव्हा बुडालेला माणूस विसरला गेलेला असतो आणि पॉपकॉर्नचे किती झाले यावर चर्चा चालू असते.

कथा कुणाला सांगावी लागली नाही. जंगलात राहणारं सली कुटुंब दुसऱ्या भागात जीव वाचवायला समुद्रकाठच्या जमातीत जातं. आमच्या पाच तिकिटांच्या माणसाने दहाव्या मिनिटाला हे ओळखलं: बदली. गडचिरोलीहून थेट मालवणला. मुलांची शाळा वर्षाच्या मध्यात बदलली, नव्या गावातली पोरं पट्टीची पोहणारी, ती यांच्या बारीक शेपटीवरून चिडवतात, बापाचं म्हणणं की आपण इथे पाहुणे आहोत, भांडण नको, जा आणि माफी माग. आईचं लक्ष जुन्या गावात. वनखात्यात नोकरी केलेल्या कुठल्याही बापाची ही सेवापुस्तिका आहे, फरक एवढाच की इथे बाप दहा फूट उंच. धाकट्याने मार खाऊन यावं आणि थोरल्याने त्याच्यासाठी पुन्हा मार द्यायला जावं, तिथे थिएटरातल्या सगळ्या भावाभावांनी एकमेकांकडे पाहिलं.

अडचण आली ती नात्यांची. आत्याबाईंना विज्ञानाशी देणंघेणं नव्हतं, पण कोण कुणाचं हे कळल्याशिवाय त्यांचा घास उतरत नाही.

“अरे, ती मोठी मुलगी यांचीच का?”

“नाही, आत्या. दत्तक.”

“कुणाची मग?”

“त्या डॉक्टरीणबाई नव्हत्या का पहिल्या भागात? त्यांची.”

“त्या गेल्या ना पण?”

“गेल्या. पण त्यांचा तो निळा देह ठेवलाय ना टाकीत, त्याला झाली.”

आत्याबाईंनी हे शांतपणे ऐकून घेतलं. “आणि वडील?”

“ते पुढच्या भागात.”

ही किरी नावाची मुलगी चौदा वर्षांची आहे आणि तिचं काम केलंय सत्तरीच्या आसपासच्या सिगर्नी वीव्हरने. यावर परदेशात बरंच आश्चर्य व्यक्त झालं. पन्नाशी उलटलेल्या बालगंधर्वांची स्त्रीभूमिका डोळे मिटून मान्य केलेल्या महाराष्ट्राला त्यात काही वाटायचं कारण नव्हतं. मेलेला खलनायक नव्या देहात जुन्या आठवणी घेऊन परत येतो, यावरही हूं की चूं नाही. आमच्याकडे रात्री आठच्या मालिकेत हे निम्म्या बजेटमध्ये होतं. आणि 48 फ्रेममुळे चित्र वाजवीपेक्षा गुळगुळीत, टीव्हीसारखं दिसतं ही जी जगभर तक्रार होती, तिचं आत्याबाईंनी स्वागतच केलं. “किती स्वच्छ दिसतंय,” त्या म्हणाल्या. हळहळ वाटली ती केट विन्स्लेटबद्दल. बाईंनी या सिनेमासाठी पाण्याखाली सात मिनिटांहून जास्त वेळ श्वास रोखून दाखवला होता. पण रंग निळा-हिरवा, नाक वेगळं, कान वेगळे. बाहेर पडताना पोस्टरवरचं नाव वाचून पाच तिकिटांच्या माणसाने विचारलं, “हिचं काम कुठे होतं?”

अशी पाच-पाच तिकिटं जगभर निघत राहिली. दोन आठवड्यांत शंभर कोटी डॉलर झाले. अमेरिकेत लागोपाठ सात शनिवार-रविवार हाच सिनेमा पहिला. भारतात हॉलिवूडच्या सिनेमांतला कमाईचा विक्रम याने ‘एन्डगेम’कडून घेतला. शेवटी जगभरची बेरीज झाली 2.3 अब्ज डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने एकोणीस हजार कोटी रुपये, आणि क्रमांक आला इतिहासात तिसरा. कॅमरूननी मागितला होता तेवढाच. यात मागे पडला कोण, तर ‘टायटॅनिक’, हाही कॅमरूनचाच. पंचविशीनिमित्त फेब्रुवारी 2023मध्ये ‘टायटॅनिक’ पुन्हा लावला होता. म्हणजे एकाच आठवड्यात बापाचा एक मुलगा दुसऱ्याला ओलांडायला धावत होता आणि दुसरा पंचवीस वर्षांनी उठून त्याच्यापुढे राहायला धावत होता, दोघेही पाण्यातून.

आपल्याकडे याच दिवसांत एक गोष्ट घडली, ती मला एकोणीस हजार कोटींपेक्षा मोठी वाटते. ‘अवतार’नंतर आठवड्याने रोहित शेट्टींचा ‘सर्कस’ आला आणि बघता बघता तंबू गुंडाळून गेला. त्यामुळे 30 डिसेंबरला रितेश देशमुखचा ‘वेड’ लागला तेव्हा कुणी फारशी आशा धरली नव्हती. समोर निळा समुद्र, हाताशी उरलेले आडवेळेचे खेळ. पण ‘वेड’ चालला. साधासुधा नाही, साठ कोटींच्या पुढे गेला. मल्टिप्लेक्सच्या गल्लीत एका पडद्यावर ‘अवतार’, शेजारच्या पडद्यावर ‘वेड’, आणि दोन्ही दारांना रांग. ज्या घरांत बाप आणि मुलगे चष्मे चढवून डावीकडे शिरले, त्याच घरांतल्या मायलेकी रुमाल घेऊन उजवीकडे शिरल्या. सव्वादोन-अडीच तासांनी त्या रडून, तोंड धुऊन, कॉफी पिऊन बाहेर बसल्या होत्या, तरी इकडचं युद्ध संपायचं होतं.

या सगळ्यावर परतीच्या रिक्षात जी चर्चा होते, तीत कथा, अभिनय, छायाचित्रण यांना कुणी हात लावत नाही. चर्चा आकड्यांची. किती कमावले, पहिल्या दिवशी चाळीस कोटी म्हणजे खरंच झाले का, रुपयात धरायचे की डॉलरमध्ये, परदेशचे वेगळे का. ज्याला या व्यवहारातून एक छदाम मिळणार नाही, उलट ज्याचे थ्रीडीचा अधिभार आणि पार्किंग धरून अडीच हजार गेलेत, तो वितरकाच्या आवाजात म्हणतो, “दुसऱ्या सोमवारी किती पडतो ते बघायचं.” आधी लोक सिनेमा बघून गाणी गुणगुणत घरी यायचे. आता आकडे गुणगुणतात. पुणे महापालिकेचं त्या वर्षीचं अंदाजपत्रक साडेआठ हजार कोटींचं होतं. हे कुणी कधी गुणगुणल्याचं ऐकलं नाही.

2024च्या एप्रिलमध्ये गॉसलिंग ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’मध्ये पुन्हा आला. आता त्या झोप उडालेल्या माणसाला कळतं की दुसऱ्या भागात शीर्षकाचा फाँट बदलला. तो क्षणभर सुखावतो. मग नीट बघतो, तर तीच अक्षरं, फक्त ठळक केलेली.

तिसरा भाग 19 डिसेंबर 2025 ला लागला, ‘फायर अँड ॲश’, तीन तासांहूनही लांब. तारखा जवळ आल्या तशा पुन्हा त्याच परीक्षा सुरू झाल्या: कुणाला आठवतंय, कोण वाट बघतंय, एखाद्या पात्राचं नाव सांगा. आत्याबाईंना एकही नाव सांगता आलं नाही. त्यांनी भाच्याला फोन केला आणि चष्म्याचा खेळ असला तरी चालेल म्हणाल्या. त्या निळ्या पोरीच्या बापाचं एकदाचं काय ते कळू दे.